जकात नाका, सायकलचा बिल्ला आणि तालुक्याच्या गावची नगरपालिका

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या पेटीत पत्र्याचा एक बिल्ला आणि जांभळ्या अक्षरातली नाक्याची पावती सापडली, ते नेमकं काय आहे, आणि कॉम्प्युटर नव्हता तेव्हा आपल्याकडच्या तालुक्याच्या गावची नगरपालिका चालायची कशी, पैसा यायचा कुठून. मी खान्देशातल्याच एका क वर्ग नगरपालिकेत, म्हणजे चाळीस हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात, १९७४ ला नाका कारकून म्हणून लागलो आणि २००८ ला कार्यालय अधीक्षक म्हणून रिटायर झालो. गावाचं नाव लिहीत नाही, काही माणसं अजून आहेत. पण जे सांगतो ते सगळं हाताखालून गेलेलं आहे.

बिल्ल्याचं आधी सांगून टाकतो, ते सोपं आहे. नगरपालिकेला वाहनांवर कर घ्यायचा अधिकार होता, त्यात सायकल, टांगा, बैलगाडी सगळं आलं. वर्षाचा कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, त्यावर वर्ष आणि नंबर ठोकलेला, तो तारेनं हँडलला नाहीतर सीटखाली बांधायचा. आमच्याकडे दरवर्षी बिल्ल्याचा आकार बदलायचे, एका वर्षी गोल, पुढच्या वर्षी चौकोनी, कारण शिपायाला लांबूनच कळलं पाहिजे की हा बिल्ला जुना आहे. एप्रिल-मे मध्ये चौकात दोन शिपाई उभे राहायचे आणि शाळेतली पोरं गल्लीबोळातून सायकली काढायची. उत्पन्न म्हणाल तर किरकोळ.

खरा विषय ती पावती. ती जकातीची पावती आहे. जुन्या नगरपालिकेला समजून घ्यायचं असेल तर जकातीपासूनच सुरुवात करावी लागते, लोक घरपट्टीपासून करतात आणि मग गणित जुळत नाही.

जकात म्हणजे गावाच्या हद्दीत वापरायला, खपवायला किंवा विकायला जो माल येतो त्यावरचा कर. गावात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर नाका, रस्त्यात आडवा बांबू, बाजूला पत्र्याची नाहीतर विटांची एक खोली, भिंतीला दरपत्रक चिकटवलेलं. काही मालाला वजनावर दर, काही मालाला किमतीवर. साखर, गूळ, तेलाचे डबे, कापडाच्या गाठी, लोखंड, सिमेंट, विड्या, तंबाखू, सगळ्याचा दर त्यात. आमच्याकडे चार रस्त्यांचे नाके आणि पाचवा रेल्वे स्टेशनचा. स्टेशनचा नाका सगळ्यात कमाईचा, कारण तेव्हा किराणा आणि कापड पुष्कळसं रेल्वेनंच यायचं. मालधक्क्यावर आमचा एक माणूस कायम बसलेला. पोस्टात पार्सल आलं तरी त्यावर जकात लागायची, म्हणून एक कारकून सकाळी पोस्टात जाऊन बसायचा.

नाक्यावर तीन पाळ्या, आठ-आठ तासांच्या. पावती पुस्तक तीन प्रतींचं, मध्ये कार्बन, आणि लिहायला कॉपिंग पेन्सिल. ही पेन्सिल जिभेला लावून ओली केली की अक्षर जांभळं उठतं आणि मग खोडता येत नाही. तुमच्या पावतीवरचा जांभळा रंग तो. रात्रपाळी करून घरी आलो की माझी जीभ आणि खालचा ओठ जांभळा झालेला असायचा, आई रोज म्हणायची अरे ते इख (विष) आहे, पोटात जातंय. पावतीवर बघा, तारीख, वेळ, गाडी नंबर, मालाचं नाव, नग किंवा वजन, बिलाची किंमत, दर, जकात रुपये-पैसे, खाली नाका कारकुनाची सही. वेळ लिहिलेली असणं फार महत्वाचं. कारण एकच पावती दाखवून दोन गाड्या आत घालायचा प्रकार चालायचा.

जो माल गावात उतरणार नाही, नुसता पुढे जाणार, त्याला रहदारी पास. सुरत-नागपूर हायवेवरच्या पारोळा, एरंडोलसारख्या गावांना हे काम फार, रात्रभर ट्रकची रांग. एका नाक्यावर पास घ्यायचा, ठरलेल्या वेळात दुसऱ्या नाक्यावर जमा करून बाहेर पडायचं. वेळ टळली की समजायचं माल गावात उतरला. मोठ्या व्यापाऱ्यांचं पालिकेकडे चालू खातं असायचं, डिपॉझिट भरलेलं, त्यांचा माल नोंदवून सोडायचा आणि हिशोब नंतर.

पहिल्याच वर्षाची गोष्ट सांगतो. लग्नसराई, रात्री दोन-अडीचचा सुमार, नवरी घेऊन येणारी एक ट्रक नाक्यावर थांबली. मागे वऱ्हाडी बसलेले आणि त्यांच्या मधोमध नवी कोरी भांडी, पितळी हंडे, घागरी, परात, एक पत्र्याचं कपाट. मी नवीन, नियम पाठ केलेला, म्हटलं भांडी नवीन आहेत, बिल दाखवा. नवरीचा बाप पुढे आला, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि म्हणे, "साहेब, पोरगीनं आंदण शे हो, बिल कसानं?" म्हणजे पोरीचं आंदण आहे, बिल कसलं. मला काय बोलावं सुचेना. आत आमचे नाकेदार झोपले होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे, त्यांना उठवलं. आबांनी कंदील घेतला, ट्रकवर चढले, एका हंड्यावर नवरीचं नाव ठोकलेलं होतं ते बोटानं चाचपलं आणि खाली उतरून मला म्हणाले, "नाव घातलेलं भांडं विकायला नसतं, हे घरसामान आहे, जकात नाही. पण रजिस्टरला लिही, गाडी नंबर, वेळ, आंदणाची भांडी, नग किती, माफ, आणि सही माझी घे." मी नग मोजले. सतरा. आबांनी झोपेत सही केली आणि बांबू वर केला.

हे सांगायचं कारण, नियमाच्या पुस्तकात हंड्यावरच्या नावाबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं. ते आबांनी ठरवलं, पण ठरवल्यावर लिहून ठेवलं, कारण सहा महिन्यांनी ऑडिटला कोणी विचारलं असतं की सतरा भांडी फुकट का सोडली तर उत्तर रजिस्टरमध्ये पाहिजे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक यायचे आणि एकेक स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात राहणारी पावतीची प्रत, एकेक चलन ताडून बघायचे. एखादा कोरा नंबर मध्येच गेलेला असला की आक्षेप. आक्षेपाचं अनुपालन, म्हणजे उत्तर, लिहिता लिहिता माणसं रिटायर व्हायची, तरी आक्षेप सुटायचा नाही.

सकाळी आठला पाळी बदलली की रात्रीची रक्कम आणि चलन घेऊन ऑफिसला जायचं, तिथे कॅशियर मोजून घ्यायचा, किर्दीला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, जमा धरायचा, अकरा-साडेअकराला शिपायाबरोबर भरणा बँकेत. हिशोबात कमी आलं तर खिशातून भरायचं, जास्त आलं तर तेही जमा धरायचं. एकदा मला अकरा रुपये कमी आले होते, तेव्हा महिन्याचा पगारच असा होता की त्या अकरा रुपयांनी घरात दोन दिवस भाजी आली नाही. पैसे कुठे गेले ते आजपर्यंत कळलं नाही.

तर रोज सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत गावाचा आदल्या दिवसाचा पैसा बँकेत पोचलेला असायचा. हे नीट लक्षात घ्या. महिन्याला नाही, वर्षाला नाही, रोज. कंदिलाचं रॉकेल, ब्लीचिंग पावडर, तुरटी, ट्रॅक्टरचं डिझेल, आणि सफाई कामगारांपासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे पगार, सगळं मुख्यतः याच्यावर. आमच्याकडचा हंगाम कापसाचा. दसऱ्यानंतर कापूस घरात यायला लागला की नाक्याची कमाई वर चढायची, दिवाळी ते संक्रांत एकदम जोरात, कारण शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की तो कापड घेणार, पत्रे घेणार, पोरीचं लग्न काढणार, आणि तो सगळा माल नाक्यावरून येणार. एकाधिकार कापूस खरेदीत, म्हणजे सगळा कापूस सरकारच घ्यायचं तेव्हा, पैसे हप्त्याहप्त्यानं मिळायचे, तर हप्ता वाटला की त्या आठवड्याची जकात बघूनच आम्हाला कळायचं. उन्हाळ्यात नाका ओस, आणि पावसाने ओढ दिली की जून-जुलैचे पगार पुढे ढकलले जायचे. म्हणजे गावाचं आणि पालिकेचं पोट एकच होतं.

मग घरपट्टीचं काय, असं कोणीही विचारेल. घरपट्टी होतीच, पण ती कधी पुरलीच नाही आणि त्याचं कारण कायद्यात आहे. घरपट्टी लावायची घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे ते घर वर्षभर भाड्याने दिलं तर किती येईल ती रक्कम, त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा, उरलेल्यावर टक्केवारीने कर. आता १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला बांधून टाकलेली. बाजारपेठेतलं मोक्याचं दुकान, वरती माडी, आणि भाडं किती तर महिना बारा रुपये. त्या बारा रुपयांवर कर लावणार किती? दर चार वर्षांनी नव्याने आकारणी व्हायची, याद्या लागायच्या, हरकती यायच्या, सुनावणी व्हायची, आणि नगरसेवक प्रत्येक हरकतीला हजर. निवडणुकीच्या आधी आकारणी वाढवायची म्हणजे कोण तयार होणार. घरपट्टीच्या बिलावर दिवाबत्ती, सफाई, पाणीपट्टी असायचीच, शिवाय १९६२ च्या कायद्यापासून शिक्षण कर, आणि हा शिक्षण कर आम्ही वसूल करायचा पण भरायचा सरकारला. लोकांना वाटायचं सगळं पालिका खाते.

मार्च महिना मात्र वसुलीचा. रोज वॉर्डात फिरायचं, बरोबर शिपाई, दप्तर, पावती पुस्तक. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं वॉरंट. दवंडी पिटायची. जप्तीला गेलं की माणसं आधीच भांडी शेजारी नेऊन ठेवायची. मी दोनदा रेडिओ जप्त केला आहे, दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत पैसे भरून लोक घेऊन गेले. एका घरी जप्तीला गेलो तर आत म्हातारी एकटी, जप्त करण्यासारखं काही नव्हतंच, तिने मला ताक दिलं. तो पंचनामा मी "जप्तीयोग्य मालमत्ता आढळून आली नाही" असा लिहिला आणि पुढे आठ वर्षं ती थकबाकी तशीच ओढली गेली.

पाण्याचं सांगितल्याशिवाय खान्देशातल्या पालिकेचं काही सांगताच येत नाही. आमचं पाणी गिरणेच्या पात्रातल्या विहिरीतून. गिरणा धरण तिकडे वर नांदगाव तालुक्यात, १९६९ च्या सुमारास झालेलं, आणि उन्हाळ्यात तिथून आवर्तन सोडलं की पाणी कोरड्या वाळूतून सरकत सरकत खाली गावोगाव पोचायचं. धरणातून सुटलं म्हणून कळायचं आणि आम्ही रोज नदीवर जाऊन बघायचो, आलं का, आलं का. आधी वाळू ओली व्हायची, मग एक रेघ दिसायची. आवर्तनाचं पाणी आठ-दहा दिवसात विहिरीत जिरलं तर पुढचा महिना निभावला. ऑफिसात सकाळपासून बायांचा एकच सूर, "भाऊ, मना नळले पानी येत नही." वॉल्वमन हा गावातला सगळ्यात महत्वाचा माणूस, नगराध्यक्षापेक्षा जास्त ओळख त्याची. कोणती चावी किती फेरे फिरवली की कोणत्या गल्लीला पाणी चढतं हे त्याच्या डोक्यात, नकाशा कुठेही नाही. आमचा वॉल्वमन आजारी पडला तेव्हा त्याला खाटेवर बसवून चौकाचौकात फिरवलं होतं, आणि तो सांगेल तशी पोरं चाव्या फिरवत होती.

मे १९८७, त्यात पाठोपाठची दुष्काळी वर्षं, आणि विहिरीवरची मोटर जळाली. दुसरी मोटर आधीच नादुरुस्त पडलेली. गावाला आधीच तीन दिवसाआड पाणी. आता बघा कसं झालं. नगराध्यक्षांना नगरपालिका अधिनियमाच्या कलम ५८(२) खाली अधिकार असतो की तातडीचं काम असेल, लोकांच्या सेवेसाठी थांबता येत नसेल, तर सभेची वाट न बघता काम करून घ्यायचं आणि पुढच्या सभेला कळवायचं. दुपारी एक वाजता मोटर जळाली, दोनला अध्यक्षांनी आदेशावर सही केली, बँकेत तीन दिवसांची जकात जमा होती त्यातून माझ्या नावे तसलमात, म्हणजे आगाऊ रक्कम, काढली, पावणेचारला मोटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून मी आणि फिटर जळगावला निघालो. रिवाइंडिंगचं दुकान बंद व्हायच्या बेताला आलं होतं, त्यांच्या हातापाया पडलो. रात्रभर त्या कारागिराने तार गुंडाळली, आम्ही तिथेच गोणपाटावर पडलेलो, वार्निशचा वास अजून नाकात आहे. पहाटे टेस्टिंग, उन्हं चढायच्या आत गावात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीत पाणी. तसलमातीचा हिशोब, बिल, ट्रॅक्टरचं डिझेल, आमच्या दोघांच्या जेवणाचे पैसे, सगळं चार दिवसात जमा केलं. पुढच्या सभेत विषय आला, "कार्योत्तर मंजुरी देणे", एका सूचकाने मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, सर्वानुमते मंजूर. विरोधी गटाने सुद्धा काही बोलून दाखवलं नाही, नाहीतर ते चहाच्या बिलावर अर्धा तास घालवायचे.

सभेचं थोडक्यात. दोन महिन्यातून एक तरी सर्वसाधारण सभा घ्यावीच लागायची. अजेंडा स्टेन्सिलवर टाइप करायचा, सायक्लोस्टाईल काढायचं, शिपाई घरोघरी जाऊन नगरसेवकाची तारखेनिशी सही घेऊन यायचा, कारण नोटिशीची पूर्ण दिवसांची मुदत भरली नाही तर सभाच बेकायदा ठरते. ज्याला सभा पाडायची तो नगरसेवक सही द्यायला घरीच सापडायचा नाही, मग दाराला चिकटवून पंचनामा. ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही, कलम ३०८ खाली कलेक्टर ठराव तहकूब करू शकतात, आणि हरलेल्या गटाची पहिली धाव तिकडेच. १९७४ ला नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडून आले, पुढे नगरसेवकांतून निवडायची पद्धत आली आणि नगरसेवक सहलीला नेण्याचा प्रकार सुरू झाला, २००१ ला पुन्हा थेट. मधली काही वर्षं प्रशासक. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने सांगायचं तर थेट अध्यक्ष असला की कामं झटपट व्हायची.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे आणि ती सांगताना मला आजही बरं वाटत नाही. जुन्या वस्तीत टोपलीचे संडास होते. पहाटे सफाई कामगार, त्यात बाया जास्त, मागच्या बोळातून यायच्या, मैला गाडीत भरायच्या, गाव उठायच्या आत गावाबाहेरच्या खत डेपोवर जायचा. तिथे खड्ड्यात कचऱ्याचे आणि मैल्याचे थर देऊन सोनखत करायचे आणि त्याचा लिलाव व्हायचा. शेतकरी चढाओढीने घ्यायचे. लिलावाची रक्कम मी स्वतः किर्दीला जमा धरलेली आहे, जमा होताना तो आकडा चांगला वाटायचा. पण ज्या हातांनी ते खत झालं त्यांचा पगार उन्हाळ्यात सगळ्यात शेवटी व्हायचा, आधी ऑफिस, मग नाका, मग ते. का, तर ते ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटणार नाहीत म्हणून. हे चूक होतं आणि आम्हाला तेव्हाही माहीत होतं. १९९३ ला कायद्याने ही प्रथा बंद केली, संडासांचं फ्लशमध्ये रूपांतर त्याच्या आधीपासून अनुदानावर चालू होतं, पण आमच्याकडे शेवटची टोपली निघायला त्यानंतरही वेळ लागला.

आता जकात गेली त्याबद्दल. १९९९ ला राज्यातल्या सगळ्या नगरपालिकांची जकात बंद झाली. व्यापाऱ्यांची मागणी जुनीच होती आणि खोटी नव्हती, ट्रक तासन्‌तास उभे राहायचे, डिझेल जळायचं, आणि नाक्यावर हात ओले होत होते हे मी नाकारणार नाही. माझ्या बरोबरचे दोघं जण त्यात सस्पेंड झाले. जकात राहायला पाहिजे होती असं माझं म्हणणं नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की तिच्या जागी गावाला स्वतःचं असं काही दिलं नाही. दिलं ते सहायक अनुदान, म्हणजे पूर्वी जी जकात यायची तिच्या हिशोबाने सरकार पैसे पाठवणार. ते पैसे येतात, नाही असं नाही. पण मुंबईहून येतात, कधी महिन्याला, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम, आणि गावात बाजार फुलला काय आणि ओस पडला काय, त्या आकड्याला फरक पडत नाही. पूर्वी बाजारपेठेचा रस्ता खराब झाला की नाक्याची कमाई पडते म्हणून सभेत ओरड व्हायची, व्यापारी आणि पालिका एकमेकांवर चिडून का होईना पण बांधलेले होते. ते सुटलं. २००३ च्या उन्हाळ्यात पुन्हा मोटर जळाली, कलम ५८(२) तेच होतं, पण बँकेत पगाराचेच पैसे नव्हते. दुकानदाराने उधारीवर काम करायला नकार दिला, मागची बिलं थकलेली. अनुदानाची वाट बघत सहा दिवस गेले आणि गावाने टँकर प्यायला.

नाक्यावरची माणसं मग ऑफिसात घेतली, कोणी वसुलीला, कोणी पाण्याला, कोणी जन्म-मृत्यू नोंदणीला. पत्र्याच्या खोल्या पडल्या, एक विटांची होती तिथे आता पानटपरी आहे.

तुमच्या पावतीबद्दल शेवटचं. ती लॅमिनेट करू नका, उष्णतेने जांभळी अक्षरं फुटतात, आम्ही ऑफिसात हा घोळ करून बसलो आहोत. जुन्या वहीच्या कोऱ्या पानात ठेवा आणि ओल लागू देऊ नका, पाणी लागलं की ती शाई पुन्हा जिवंत होते आणि पसरते. त्या नाक्याची स्थळप्रत पालिकेत मिळेल म्हणून जाल तर बहुतेक मिळणार नाही, पावती पुस्तकं कायम ठेवायच्या वर्गात नसतात, ऑडिट होऊन मुदत संपली की नष्ट करतात. सभेची प्रोसिडिंग बुकं आणि जन्म-मृत्यूची रजिस्टरं मात्र कायमची, ती रेकॉर्ड रूममध्ये रुमालात बांधलेली सापडतील, आणि आकारणीची जुनी रजिस्टरं पण बघा. आजोबांचं नाव हवं असेल तर तिथे घर नंबर सांगून नकलेचा अर्ज करा, वर्ष सांगता आलं तर उत्तम. आणि पावतीवर मालाच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला जरूर कळवा, अक्षर लागलं नाही तर फोटो पाठवा, त्या काळच्या नाका कारकुनांची अक्षरं मला अजून वाचता येतात.